गोल्फर्स एल्बो आणि रुमालाला बांधलेला चाकू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला डॅलसला पाठवलं होतं. तिकडे दूध गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, जवळजवळ चार किलोचं वजन. एका शनिवारी सकाळी फ्रिजमधून तो कॅन उचलला आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ आली की हात आपोआप उघडला. किचनभर दूध. पुसायला फडकं घेतलं, तर ते पिळता येईना. दाराची मूठ फिरवताना कळ, बॅग उचलताना कळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माउस धरतानाही कळ. माझं पोट ज्या दहा बोटांवर चालतं त्यातली पाच संपावर गेली होती. तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात मी खरोखर घाबरलो होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी हात गेला तर पुढे करायचं काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नव्हता.

फिजिओथेरपिस्टनं कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड टोकदार लागतं ना, तिथे अंगठा दाबला. मी ओरडलो. तिनं शांतपणे विचारलं, "गोल्फ खेळतोस का?"

खेळत होतो. म्हणजे, खेळतो असं मला वाटत होतं. ऑफिसमधल्या दोघांच्या नादानं सहा महिने दर शनिवार-रविवार ड्रायव्हिंग रेंजवर जायचो. तिथे मैदानावर फिरायचं नसतं. बादलीभर बॉल विकत घ्यायचे, रबराच्या चटईवर उभं राहायचं आणि एकामागून एक हाणत सुटायचं. एका बादलीत माझं भागत नसे, दोन घ्यायचो. यूट्यूबवर बघून शिकलो होतो. मूठ घट्ट आवळायची, डावा हात काठीसारखा ताठ ठेवायचा, आणि वरून खाली जीव खाऊन मारायचं. हे सगळं चूक होतं. पण ते का चूक आहे हे समजून घ्यायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं, आणि तोच आजचा विषय.

आपल्याकडे कोपराचं दुखणं म्हटलं की एकच नाव आठवतं. २००४ साली मी दुसरीत होतो. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला आणि सचिन पहिल्या दोन कसोटींत नाही, कारण 'टेनिस एल्बो'. आमच्या वर्गात यावर गंभीर चर्चा झाली होती की सचिन क्रिकेट सोडून टेनिस कशाला खेळत होता. तो नागपूरच्या कसोटीत परतला, डिसेंबरमध्ये ढाक्याला नाबाद २४८ काढले, आणि तरीही दुखणं गेलं नाही. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन करावं लागलं. टेनिस न खेळता टेनिस एल्बो होतो, हे महाराष्ट्राला त्या वर्षी कळलं.

आता आधी एक फरक समजून घेऊ. (रेकॉर्डिंगमध्ये इथे मी स्वतःचा हात फिरवून दाखवत होतो, ऑडिओत ते कुणाला दिसणार होतं देव जाणे.) हात पुढे करा, तळवा आकाशाकडे. कोपराच्या शरीराकडच्या बाजूला एक हाड हाताला लागतं. मूठ आवळणारे, मनगट तळव्याच्या दिशेला वाकवणारे आणि हात पालथा करणारे स्नायू तिथे येऊन बांधलेले असतात. ज्या दोरीनं ते बांधलेले असतात ती टेंडन. ती दुखावली की गोल्फर्स एल्बो. बाहेरच्या बाजूच्या हाडाला मनगट मागे उचलणारे स्नायू बांधलेले असतात. तिकडची दोरी दुखावली की टेनिस एल्बो. दोन्ही नावं अर्धवट खरी आहेत. उजव्या हातानं गोल्फ खेळणाऱ्याचं उजवं कोपर आतून दुखतं, पण डावं कोपर बाहेरून दुखू शकतं. म्हणजे गोल्फ खेळून टेनिस एल्बो! हौशी खेळाडूंमध्ये तर हेच जास्त दिसतं.

त्याहून गंमत म्हणजे या दुखण्याचं वैद्यकीय वर्णन पहिल्यांदा झालं ते खेळाडूंचं नव्हतंच. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं ते लिहिलं, आणि त्याच्या लेखाचा विषय होता लिहिणाऱ्यांच्या हाताला येणारा पेटका. म्हणजे टेबलाशी बसून दिवसभर हात चालवणारी माणसं. आमचेच पूर्वज म्हणा ना! लॉन टेनिसची लाट इंग्लंडमध्ये त्यानंतर आली. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, आणि १८८२ मध्ये हेन्री मॉरिस या लंडनच्या सर्जननं 'लॉन टेनिस आर्म' असं नाव छापलं. कारकुनांचं दुखणं साहेबांना झाल्यावर त्याला बरं नाव मिळालं, एवढाच मी त्याचा अर्थ काढतो.

गोल्फ याहून खूप जुना. स्कॉटलंडमध्ये तो शतकानुशतकं चालू होता, आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडेही लवकर आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. त्या काळचा बॉल म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. तो महाग असायचा आणि भिजला की बाद व्हायचा. १८४८ च्या सुमाराला गटापर्चाचा बॉल आला. मलायाकडच्या झाडांचा हा चीक, वाळला की कडक होणारा. याच चिकाचं वेष्टण घालून समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकल्या गेल्या, म्हणजे एका अर्थी इंटरनेटचा पणजोबा. (यावर वेगळा भाग करणारच आहे.) बॉल स्वस्त झाला आणि खेळ पसरला. पण हा बॉल दगडासारखा. जुन्या नाजूक लाकडी काठ्या त्यानं फुटायला लागल्या. मग कारागिरांनी वेगळं लाकूड वापरलं, काठीच्या तोंडावर चामड्याचा तुकडा बसवला. काठीला गादी मिळाली. खेळणाऱ्याच्या कोपराला मात्र ती स्वतःच शोधायची होती.

ती शोधणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे हॅरी वॉर्डन. जर्सी बेटावर १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला. १८९६ ला पहिल्यांदा, १९१४ ला शेवटचं. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. वॉर्डनच्या आधीची सेंट अँड्र्यूजची पद्धत म्हणजे जाड मुठीची काठी तळव्यात घट्ट धरायची आणि लांब, आडवा फटका हाणायचा. वॉर्डननं काठी बोटांत धरली आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर चढवली. ही पकड त्यानं शोधलेली नव्हे, त्याच्या आधी जॉनी लेडले हा हौशी खेळाडू तशीच धरायचा. पण नाव लागलं वॉर्डनचं. इतिहासात असंच होतं, जो जिंकतो त्याच्या नावावर फाइल सेव्ह होते.

ही पकड कोपरासाठी इतकी महत्त्वाची का? आत्ता करून बघा. पेन तळव्यात घेऊन मूठ आवळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखालचा हात चाचपा. सगळे स्नायू दगड झालेले असतील. आता तेच पेन बोटांत हलकं धरा. फरक लगेच कळेल. आणि वॉर्डनचे जुने फोटो बघाल तर आणखी एक गोष्ट दिसेल, काठी वर नेलेली असताना त्याचं डावं कोपर चक्क वाकलेलं असतं. 'डावा हात ताठ' हा यूट्यूबवरचा मंत्र त्याला लागू नव्हता. हात लांब असणं वेगळं आणि कुलूप लावल्यासारखा ताठ असणं वेगळं. ताठ ठेवलेल्या हातात आदळल्याचा हादरा सरळ कोपरात येतो.

वॉर्डनच्या काळी काठीचा दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाचा असे. हिकरी वाकते आणि पीळही खाते. वरून झटका देऊन मारलं तर काठीचं तोंड भलतीकडेच फिरतं. म्हणजे आडदांडपणाला लाकूडच शिक्षा करायचं, आणि माणसं आपोआप लयीत खेळायला शिकायची. मग पोलादी दांडा आला. अमेरिकेत १९२४ मध्ये त्याला परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. पोलाद पीळ खात नाही, जोरात हाणलं तरी सांभाळून घेतं. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी चुकीचा कोड कंपाइलच होत नव्हता, आता तो चालायला लागला आणि बग खाली सरकला, थेट कोपरात. हा माझा अंदाज आहे, पण रेंजवर स्वतःचे उद्योग आठवले की तो मला पटतो.

आता येतो माझा सगळ्यात आवडता माणूस, अर्नेस्ट जोन्स. इंग्लंडमधल्या चिझलहर्स्टच्या क्लबचा हा व्यावसायिक खेळाडू पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेला आणि १९१६ मध्ये जखमी झाला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गोल्फबद्दल तेव्हाही सगळे हेच सांगायचे की पाय असे ठेवा, वजन इकडून तिकडे न्या, कंबर अशी वळवा. एका पायाच्या माणसानं यातलं काय करायचं? पण जोन्स कुबड्यांवर मैदानात गेला आणि रॉयल नॉर्विचच्या कोर्सवर ८३ फटक्यांत फेरी पूर्ण केली. दोन्ही पाय धड असलेले आणि आयुष्यभर खेळणारे बहुतेक लोक ८३ ला पोचत नाहीत.

जोन्सनं विचार केला, की पाय नसताना मी खेळू शकतो, तर मी नेमकं करतोय काय? त्याचं उत्तर होतं, काठीचं टोक झुलवतोय. बाकी शरीर त्या झोक्यामागून आपोआप येतं. पुढे तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या एका इमारतीत, चक्क घराच्या आत, शिकवायला लागला. व्हर्जिनिया व्हॅन वी ही त्याची शिष्या १९३२ ते १९३४ सलग तीन वर्षं अमेरिकेची हौशी महिला स्पर्धा जिंकली. शिकवायला त्याच्याकडे एक रुमाल होता, आणि रुमालाच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. एवढंच साहित्य. तो रुमाल झुलवून दाखवायचा. झोका असेल तर रुमाल सरळ, ताणलेला राहतो. मध्येच मनगटानं ढकललं किंवा हिसका दिला की रुमालाला घडी पडते आणि चाकू भरकटतो. काठीलाही तुम्ही असाच हिसका देता, पण काठी कडक असल्यामुळे ते दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

हे वाचलं आणि मला माझे आजोबा आठवले. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभे राहून ते गोफण फिरवायचे. लहानपणी मी ती फिरवायला गेलो आणि जोर लावला, तर दगड मागेच पडला. आजोबा म्हणाले होते, "अरे, ओढू नकोस, फिरू दे." जोन्सनं न्यूयॉर्कमध्ये भरपूर फी घेऊन जे शिकवलं ते आमच्या शेतात फुकट मिळत होतं, आणि मी ते घेतलं नाही!

गोफणीचं गणित पुढे शास्त्रज्ञांनी मांडलं. अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचं १९६८ चं पुस्तक गोल्फच्या विज्ञानात पायाभूत मानतात. त्यांनी फटक्याचं चित्र दोन दांड्यांच्या लंबकासारखं काढलं. वरचा दांडा म्हणजे खांद्यापासून हात, खालचा म्हणजे काठी, आणि मधली बिजागरी मनगट. वरचा दांडा फिरायला लागला की खालचा आपोआप योग्य वेळी उलगडतो आणि वेग धरतो. बिजागरीनं लवकर जोर लावला तर उलट शेवटचा वेग कमी होतो. म्हणजे गळ टाकल्यासारखं वरूनच मनगट सोडणं, जे मी सहा महिने करत होतो, त्यात बॉलही लांब जात नव्हता आणि कोपरही झिजत होतं. दोन्हीकडून तोटा.

याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. काठी आणि बॉल यांचा संपर्क साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो. हादरा दांड्यातून हातापर्यंत पोचतो, तोवर बॉल निघून गेलेला असतो. म्हणजे आदळण्याच्या क्षणी मूठ आवळून बॉलला काहीही सांगता येत नाही. निरोप पोचायच्या आधी पाहुणा गेलेला असतो. आपण आवळतो ते फक्त आपल्या टेंडनसाठी.

बेन होगनबद्दल बोललो नाही तर डॅलसमध्ये राहिल्याचा उपयोग काय? शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा खेळाडू. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या गाडीला बसनं समोरून धडक दिली, तो पुन्हा चालेल का याचीच शंका होती, आणि १९५० मध्ये तो यूएस ओपन जिंकला. १९५७ च्या त्याच्या पुस्तकात कोपरांसाठी एक प्रसिद्ध चित्र आहे, दोन्ही हात दोरीनं एकत्र बांधलेले, कोपरं कंबरेच्या हाडांकडे वळलेली आणि कोपराची आतली खळगी वर आकाशाकडे. कोपराखालच्या हातांनी स्वतंत्र कारभार करायचा नाही, हा त्याचा अर्थ. होगन हजारो बॉल मारून सराव करायचा, तीही आख्यायिका आहे. माझ्यासारख्यांनी त्याच्याकडून नेमकं तेवढंच उचललं. दोरी नाही, फक्त बादल्या!

स्नायूंना तारा लावून मोजमापं झाली ती नंतर. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतल्या बाजूनं कोपर दुखणाऱ्या गोल्फरांची तुलना न दुखणाऱ्यांशी केली. दुखणाऱ्यांचे मूठ आवळणारे स्नायू बॉलसमोर नुसतं उभं असतानाच जास्त काम करत होते. फटका अजून सुरूही झालेला नाही आणि हा बाबा आधीच भांडायच्या तयारीत! जाड ग्रिप लावून किंवा कोपराखाली पट्टा बांधूनही त्या स्नायूंचं काम कमी झालं नाही. (मी दोन्ही विकत घेतलं होतं. पावत्या अजून आहेत.) २००९ च्या आणखी एका अभ्यासात हौशी खेळाडूंच्या उजव्या हाताचा पालथं करणारा स्नायू, खाली येताना, व्यावसायिकांपेक्षा जास्त राबताना दिसला. तो स्नायू बांधलेला असतो बरोबर त्याच हाडाला, जिथे त्या बाईंनी अंगठा दाबला होता.

मग औषधाचं काय? बरीच वर्षं या दुखण्याला दाह समजत होते. पण १९७९ मध्ये रॉबर्ट नर्शल आणि त्यांचे सहकारी पेट्रोन यांनी टेनिस एल्बोच्या ऑपरेशनमध्ये काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर नेहमीच्या दाहाच्या खुणा तिथे नव्हत्याच. होती ती विस्कटलेली, नीट न भरलेली दोरी. आतल्या बाजूचं दुखणंही त्याच जातीचं. त्यामुळे नुसती गोळी आणि विश्रांती पुरत नाही. दोरीवर हळूहळू, मोजून भार टाकावा लागतो. मला रबराची एक जाड कांडी दिली होती. ती पिळायची आणि मग दुखऱ्या हातानं सावकाश उलगडू द्यायची, रोज. कंटाळवाणं काम. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता, मी जवळजवळ सोडलंच होतं. तीन महिन्यांनी दुधाचा कॅन उचलता आला. तुमच्या करंगळीला मुंग्या येत असतील किंवा हातातली ताकदच गेली असेल, तर मात्र कांडीबिंडीच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जा, तिथून नसही जाते.

मग परत रेंजवर गेलो, यावेळी एका शिकवणाऱ्या आजोबांकडे. त्यांनी पहिल्या दिवशी बॉलच दिला नाही. मूठ किती सैल, ते बघायला काठी माझ्या हातातून ओढून घेतली. सहज निघाली तेव्हा म्हणाले, ठीक. दुसरं त्यांनी दाखवलं, की मी बॉलच्या आधी चटईवर आपटत होतो. गवतावर काठी मातीत शिरते आणि मातीच चुगली करते. चटईवर ती घसरून बॉलला लागतेच, फटका बरा वाटतो, आणि खालच्या काँक्रीटचा हादरा तुम्हाला मुकाट्यानं मिळतो. प्रत्येक बॉलला! दोन बादल्या गुणिले दोन दिवस गुणिले सहा महिने, हिशोब तुम्हीच करा. छाती लक्ष्याकडे वळत राहिली की हात तिच्याबरोबर ओढले जातात आणि काठी आधी बॉलला, मग जमिनीला लागते. छाती थांबली की मनगट चमच्यासारखं उचलायला जातं आणि डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर येतं. माझा व्हिडिओ बघून मी स्वतःच हसलो.

आता पुण्यात परत आलोय. इथे रोज गोल्फ परवडण्यासारखा नाही, महिन्यातून एकदा जातो, चाळीस बॉल आणि घरी. बाकी दिवशी संध्याकाळी बाल्कनीत रुमालाला स्कूटरची किल्ली बांधून झुलवतो. घडी पडली की कळतं, आज ऑफिसमधला राग मनगटात उतरलाय. परवा किल्ली सुटून खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत पडली. काकू वर बघून म्हणाल्या, "काय रे, नजर काढतोयस का कुणाची?"

पुढच्या भागात गटापर्चा आणि समुद्राखालची तार. भेटू!